मी न घेतलेला लेथ

"अडलं का?" हा त्यांचा प्रश्न. उजव्या अंगठ्याचं नख ते मुद्दाम थोडं वाढवून ठेवत आणि समोर येईल त्या वस्तूवरून हलकेच फिरवत. मशीनच्या पितळी बुशावरून, नव्या कुकरच्या काठावरून, लग्नात आलेल्या स्टीलच्या डब्यावरून. एकदा आमच्याकडे नवी फरशी बसवली, तर चहा बाजूला ठेवून चक्क उकिडवे बसले आणि दोन फरश्यांच्या सांध्यावरून नख फिरवत खोलीच्या टोकापर्यंत गेले. मग तुम्हालाही नख फिरवायला लावायचे आणि मान तिरकी करून विचारायचे, "अडलं का?" अडलं नाही तर काम पास. अडलं तर करणाऱ्याची खैर नाही. "डोळा खोटं बोलतो, बाई," ते म्हणत, "नख नाही बोलत."

त्यांचं नाव मी सांगणार नाही. त्यांचा मुलगा अजून आहे, आणि पुढं जे सांगणार आहे ते त्याला आजवर ठाऊक नाही. तसं त्याला मराठी वाचणं जड जातं, दोन ओळींनंतर जांभई देतो, आणि ते आमच्या फार पथ्यावर पडलेलं आहे. पण कुणीतरी शहाणं त्याला वाचून दाखवेल, ही भीती असतेच. म्हणून नाव नाही. मी त्यांना भाऊ म्हणत असे, तुम्हीही तेच म्हणा.

काचीगुड्यात आमची मराठी शाळा होती आणि शाळेमागच्या गल्लीत भाऊंचं बिऱ्हाड. मी शाळेत मराठी शिकवायची. ओळख झाली ती शाळेच्या घंटेमुळं. एक दिवस घंटेचा लोलक सुटून शिपायाच्या पायावर पडला आणि चार दिवस आम्ही ताटलीवर पळी वाजवून तास बदलत होतो. पाचव्या दिवशी भाऊ स्वतःहून आले, म्हणाले, "ही पळी आता माझ्या कानात वाजते. आणा तो लोलक इकडं." संध्याकाळपर्यंत नवी पिन आणि नवी कडी करून त्यांनी घंटा टांगली. मुख्याध्यापिका आभार मानायला पुढं आल्या, तर भाऊंनी त्यांना शिडीवर चढायला लावलं. "आभार नक्को, बाई. आधी नख फिरवा." आमच्या मुख्याध्यापिका जाड होत्या आणि शिडी जुनी होती. पण चढल्या. तो प्रसंग शाळेनं बरीच वर्षं जपून ठेवला.

भाऊंच्या घरामागं पत्र्याची एक खोली होती आणि तिच्यात तो लेथ. लहानसाच, तीन-साडेतीन फुटांचा, सागवानी बाकावर बसवलेला. ज्यांनी लेथ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, कारण मलाही भाऊंनी असंच सांगितलं होतं. त्याला एक डोकं असतं, ते धातूचा तुकडा पकडून गरागरा फिरवतं. एक शेपूट असतं, ते तुकड्याला दुसऱ्या टोकानं टेकू देतं. दोघांच्या मध्ये लांब लोखंडी पाठ असते आणि तिच्यावरून हत्यार सरकतं, धातू सोलत जातं. डोकं, पाठ आणि शेपूट एका रेषेत असली की तुकडा दोन्ही टोकांना सारखा जाड निघतो. रेष चुकली की एक टोक जाड, एक बारीक. "बस, एवढंच," भाऊ म्हणाले होते. "बाकी सगळा संसार आहे."

एका बंद पडलेल्या गिरणीच्या लिलावात त्यांनी तो घेतला होता, लग्नाच्या आधी. बंडीवर घालून अख्खाच्या अख्खा आणला आणि खोलीत ठेवला. तेव्हापासून तीस वर्षं त्याचा एक बोल्ट हलला नव्हता, याचा त्यांना भारी अभिमान. "कंपनीतून निघाला तसा आहे. एका केसाचा फरक नाही. माझ्या सासऱ्यांपेक्षा सरळ," असं ते वहिनींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, देखत म्हणायचे. वहिनी म्हणायच्या, "आणि लाड जावयापेक्षा जास्त."

दिवसा भाऊ एका सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये आणि संध्याकाळी या खोलीत. अख्ख्या गल्लीचे मिक्सर, पंखे, शिलाईमशिनी त्या खोलीतून बऱ्या होऊन गेल्या. मग देशात वारं बदललं. गच्च्यांवर तबकड्या उगवल्या, दुकानांत परदेशी मिक्सर आले, आणि सरकारी कारखान्यानं भाऊंच्या वयाच्या माणसांना हार घालून, नारळ देऊन, आपखुशीनं घरी जायला सांगितलं. भाऊंनी नारळ घरी आणला, त्यावरून नख फिरवलं आणि वहिनींना म्हणाले, "अडलं."

मुलगा मात्र त्याच वाऱ्यावर वर चढला. संगणकाच्या कंपनीत लागला आणि दोन वर्षांत विद्यानगरला फ्लॅट घेतला, दुसऱ्या मजल्यावर, गुळगुळीत फरशीचा. त्यानं वडिलांना एकच अट घातली. "बाबा, तुम्ही दोघं आधी. पण ते मशीन नाही. खाली लोक राहतात. विकून टाका."

मुलगा वाईट नव्हता, हे आत्ताच सांगून ठेवते. त्याला खरोखरच वाटत होतं की आता बाबांनी आराम करावा. पण आरामाची सवय नसलेल्या माणसाला आराम दिला की घरातल्या बाकीच्यांचा आराम जातो, हे त्याला कळण्याचं वय नव्हतं. ते वहिनींना कळलं होतं.

एका दुपारी वहिनी मधल्या सुट्टीत शाळेत आल्या. मी विद्यानगरलाच राहते, जमिनीवरचं बैठं घर आहे, मागं रिकामा व्हरांडा आहे, हे सगळं त्यांनी आधीच काढून ठेवलेलं होतं. बसल्या, पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही लेथ घ्या."

"मी? मी काय करू लेथचं?"

"काही करू नका. घेतला म्हणा. पैशाचं कुणी विचारत नाही, मी बघते. व्हरांड्यात राहू द्या, हे रोज संध्याकाळी फिरायला म्हणून येतील." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "नाहीतर हे दिवसभर त्या फ्लॅटमध्ये माझ्यासमोर बसतील. आठ दिवसांत माझ्यावरून नख फिरवून बघतील, बाई. आणि माझं आता जिथं तिथं अडणार."

मी हसत सुटले, आणि हसता हसता हो म्हणून बसले. आमचे हे तेव्हा नोकरीनिमित्त नांदेडला, घरी मी आणि सासूबाई. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "पुरुषमाणूस येऊन लोखंडाशी खेळतोय तर खेळू दे. बायकांशी पत्ते खेळण्यापेक्षा बरं."

गिऱ्हाईक म्हणून मुलासमोर माझी मुलाखत झाली. तो चांगल्या इस्त्रीच्या शर्टात उभा होता.

"मॅडम, तुम्हाला कशाला लेथ?"

"शाळेत कार्यानुभव हा विषय आहे," मी म्हटलं.

"पण तुम्ही तर मराठी शिकवता ना?"

"आमच्याकडे शिक्षक कमी आहेत."

हे मात्र खरं होतं. त्यानं बापाकडं पाहिलं. भाऊ छताकडं पाहत होते. "ओके," तो म्हणाला, आणि अशा रीतीनं मी माझ्या नोकरीतलं पहिलं धडधडीत खोटं बोलून एका लेथची मालकीण झाले.

आता अडचण अशी की तीस वर्षांपूर्वी लेथ अख्खा आत गेला होता, पण मधल्या काळात बोळात न्हाणीघर बांधलं होतं. बाहेर काढायचा तर सुटा करणं भाग. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी ते ठरलं. मी सकाळीच गेले, गिऱ्हाईक या नात्यानं. भाऊंनी आंघोळ करून, गंध लावून, एका स्टुलावर बसून नुसतं बघत अर्धा तास घालवला. मुलगा दारातून घड्याळ बघत होता.

मग ते कामाला लागले. प्रत्येक भाग काढायच्या आधी त्याच्या आणि शेजारच्या भागाच्या अंगावर टोकदार पंचानं ठिपके मारायचे. एक ठिपका एकाला भेटायचा, दोन दोनाला. "हे यांचं लग्न लागलेलं आहे," मला म्हणाले. "जोडी चुकली की घटस्फोट." शेपूट निघालं, हत्याराची गाडी निघाली, मळसूत्राचा लांब दांडा निघाला. एकेक भाग तेलाच्या फडक्यात गुंडाळून वर सुतळी. माझं काम गुंडाळायचं. दोन हमाल होते, त्यांना भाऊंचा एकच मंत्र, "हल्लू, मियाँ, हल्लू."

शेवटी डोकं राहिलं. ते पाठीवर चार बोल्टांनी बसलेलं. भाऊंनी बोल्ट सोडले आणि पान्हा खाली ठेवला. हमालांनी दोन बाजूंनी हात घातले. तीस वर्षांच्या तेलानं ते चिकटून बसलं होतं, सुटताना चप्प असा आवाज झाला. त्या आवाजासरशी भाऊंनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

"मी नाही बघत, बाई," ते म्हणाले. "तुम्ही बांधा."

मी बांधलं. खालच्या बाजूला काळा चिकट राप होता, तो जसाच्या तसा फडक्यात गेला. भाऊंनी डोळे पुसून पाठीवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "बाई, दसऱ्याला जोडू. तोवर नुसतं ठेवायचं. उघडायचं नाही."

उघडायचं नाही हे माझ्या लक्षात होतं. पण मध्ये खंडेनवमी आली.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा. आमच्याकडं विळी, कात्री, ह्यांची जुनी सायकल आणि माझी लाल शाईची दौत, एवढंच शस्त्रागार. पण त्या वर्षी व्हरांड्यात अडीच-तीनशे पौंड लोखंड गुंडाळून पडलेलं. सासूबाई सकाळी हळद-कुंकू घेऊन गेल्या आणि आल्या पावली परत आल्या.

"अगं, हे काय, चिंध्यांत बांधून पुजायचं? आयुधं आहेत की मढी?"

"त्यांनी उघडू नका म्हणून सांगितलंय."

"त्यांनी सांगितलंय, पण खंडेनवमी त्यांची एकट्याची आहे का? उघड. स्वच्छ पुसून घे. मळक्या आयुधाला मी हळद लावणार नाही."

मी उघडलं. खोटं कशाला बोलू, मलाही हौस आली. एका माणसाच्या तीस वर्षांच्या सोबत्याची पूजा आपल्या घरी होणार, तर ती नीट व्हावी असं वाटलं. रॉकेलचा डबा घेतला, जुने पेटीकोट फाडले आणि एकेक भाग आरशासारखा केला. डोक्याच्या खालचा राप तर मी सुरीनं खरवडला. त्यात एका कोपऱ्याला गंजकं, दाढीचं अर्धं पातं चिकटलेलं निघालं आणि त्याच्यावर चांदीसारख्या कागदाचा कपटा. म्हटलं, कुणाच्या हाताला लागेल. दोन्ही कागदात गुंडाळले आणि कचऱ्यात टाकून आले. मग सगळं पुन्हा ओळीनं मांडून हळद-कुंकू, झेंडूची फुलं, आपट्याची चार पानं.

दसऱ्याला भाऊ आले. मांडलेली पूजा बघून दारातच थांबले. चप्पल काढली. मग एका भागावरचं हळदीचं बोट अंगठ्यानं हळूच टिपून कपाळाला लावलं. "असं साफ तर मी तीस वर्षांत केलं नाही, बाई," म्हणाले. त्या एका वाक्यावर मी तीन आठवडे खूश होते.

ठिपक्याला ठिपके भेटले, जोड्या लागल्या, वीज दिली. डोकं फिरायला लागलं तेव्हा सासूबाईंनी हात जोडले. भाऊंनी एक पितळी कांब लावली, हत्यार सरकत गेलं, पिवळ्या धमक साली निघाल्या. मग त्यांनी मायक्रोमीटर काढला. या टोकाला मोजलं, त्या टोकाला मोजलं. पुन्हा मोजलं. चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं.

"काय झालं?"

"काही नाही. फरशी असेल."

ती फरशी नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाकाखाली पाचर घातली, तरी एक टोक जाडच. मग बोल्ट असतील म्हणून ते सैल केले, कसले. मग विद्यानगरची वीज कमीजास्त होते असं म्हणाले. मग शेपूट. मग हत्याराची धार. रोज संध्याकाळी पाचला यायचे, सातला जायचे, आणि व्हरांड्यात तिरक्या पितळी कांबांची रास वाढत चालली. आधी शीळ घालत काम करायचे, ती बंद झाली. मग बोलणं कमी झालं. दिवाळीत मी करंजी पुढं केली तर तिच्यावरून नख फिरवायला विसरले, तशीच खाल्ली.

एका बुधवारी त्यांनी लेथ बंद केला आणि दोन्ही हात समोर धरून बघत बसले.

"मशीन तर तेच आहे, बाई. तीस वर्षं सरळ होतं. बदललंय ते एकच," ते म्हणाले. "माझा हात गेला. कारखान्यानं बरोबर ओळखलं होतं."

"असं कसं होईल, भाऊ?"

"होतं. लोकांचं होतं, माझं झालं. आता तुम्ही खरंच विका हा. मौलालीचा एक भंगारवाला ओळखीचा आहे, शुक्रवारी येतो म्हणालाय. पोरगं सांगत होतं तेच बरोबर."

गिऱ्हाईक मी खोटी, विक्री खोटी, आणि आता तीच विक्री खरी होऊ घातली होती. वहिनी दुसऱ्या दिवशी शाळेत आल्या. नुसत्या म्हणाल्या, "रात्री जेवत नाहीत." आणि गेल्या.

त्याच गुरुवारी शेवटच्या तासाला मी सातवीला निबंध लिहायला देऊन खुर्चीत बसले. माझं टेबल डगडगत होतं. लिहिताना कोपर टेकलं की कलायचं. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली, प्रश्नपत्रिकेची घडी करून तिनं एका पायाखाली सरकवली आणि जाऊन बसली. टेबल थांबलं. मी त्या घडीकडं बघत राहिले.

दाढीचं अर्धं पातं. चांदीचा कपटा.

माझ्या मनात पहिला विचार काय आला ते सांगते, कारण तुम्हीही माझ्याबद्दल फार बरं मत करून घेऊ नये. पहिला विचार आला, हे सासूबाईंवर ढकलता येईल. त्याच तर 'उघड' म्हणाल्या. दुसरा विचार आला, न सांगितलं तरी कुणाला कळणार आहे? उद्या भंगारवाला येईल, लेथ जाईल, पातं कचऱ्यात गेलं तसं हेही जाईल. समोर चाळीस मुलं 'माझ्या हातून झालेली चूक' या विषयावर निबंध लिहीत होती. विषय मीच दिला होता.

संध्याकाळी भाऊ आले ते काम करायला नाहीच, नुसते लेथला फडकं मारायला. मी चहा ठेवला नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. खंडेनवमी, रॉकेल, सुरी, पातं. सासूबाई आतून म्हणाल्या, "उघडायला मीच सांगितलं होतं," तेव्हा मला त्यांच्याबद्दल एकदम फार जिव्हाळा वाटला.

भाऊंनी हातातलं फडकं लेथवर ठेवलं. मग विचारलं, "पातं अख्खं की अर्धं?"

"अर्धं."

"कुठल्या कोपऱ्याला?"

मी बोट दाखवलं.

"आणि वरचा कागद? सिगारेटच्या पाकिटातला असतो तसा?"

"हौ, तसाच."

ते स्टुलावर बसले. "म्हणजे हात गेला नाही?" म्हणाले. मी म्हटलं, नाही गेला. "परत सांगा." मी परत सांगितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते, अगदी आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईतो.

"काय लबाड माणूस असेल बाई तो गिरणीतला मेस्त्री. कंपनीतून वाकडा आलेला लेथ त्यानं दाढीच्या पात्यावर सरळ केला आणि कुणाला बोलला नाही. आणि मी तीस वर्षं कुणाच्यातरी हजामतीवर मिरवतोय. सासऱ्यांपेक्षा सरळ म्हणे." मग एकदम उठले. "थांबा. आलो."

ते कुठं गेले हे मला दुसऱ्या दिवशी वहिनींकडून कळलं. संध्याकाळी सहाला भाऊ फ्लॅटवर धावत आले, न्हाणीघरात शिरले आणि दाढीचं सगळं सामान पिशवीत भरून बाहेर पडले. मुलगा नुकताच ऑफिसातून आलेला. "बाबा, दाढी करायला कुठं चाललात?" भाऊ पायऱ्या उतरता उतरता म्हणाले, "बाईंकडे." वहिनी सांगताना पदर तोंडात कोंबून हसत होत्या. मुलगा दोन दिवस बापाशी बोलला नाही, आणि मला रस्त्यात भेटला तर समोरच्या फुटपाथवर जाऊ लागला. त्याला खरं काय ते सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर लेथ बाहेर पडला असता. तेव्हा माझी अब्रू आम्ही तिघांनी विचारपूर्वक लेथवरून ओवाळून टाकली.

त्या संध्याकाळी भाऊ पिशवी घेऊन परत आल्यावर आमच्या शेजारच्यांना बोलावून डोकं उचललं. या वेळी भाऊंनी तोंड फिरवलं नाही. आपलं पातं मधोमध मोडलं, मी दाखवलेल्या कोपऱ्यात ठेवलं, वर सिगारेटच्या पाकिटातला कपटा. पाकीट सासूबाईंनी कुठून काढून दिलं हे मी विचारलं नाही. डोकं बसलं, बोल्ट कसले, नवी कांब लावली. या टोकाला मोजलं, त्या टोकाला मोजलं. मग मायक्रोमीटर डबीत ठेवून ती कांब माझ्यापुढं धरली.

"फिरवा."

मी या टोकापासून त्या टोकापर्यंत नख फिरवलं.

"अडलं का?"

"नाही."

शुक्रवारी भंगारवाला आला. त्याला चहा आणि तिरक्या कांबांची रास देऊन परत पाठवलं.

त्यानंतर सहा वर्षं भाऊ रोज संध्याकाळी फिरायला आमच्या व्हरांड्यात येत. मिक्सर हळूहळू कमी झाले. नव्या वस्तू उघडतच नसत, बिघडल्या की लोक टाकून देत. भाऊ एखादा प्लास्टिकचा मिक्सर उलटापालटा करत आणि म्हणत, "याला पोटच नाही. बरं कुठून करू?" मग त्यांनी पितळी भोवरे करायला घेतले. असे भोवरे की फिरायला लागले की उभे आहेत असंच वाटावं. आमच्या शाळेतली मुलं रांग लावायची. मलाही त्यांनी शिकवला, पहिले बारा माझे लंगडे झाले. तेरावा फिरला. माझ्या खोट्याचं असं खरं झालं, कार्यानुभवाच्या रकान्यात मी खरोखरच 'भोवरा' लिहिलं.

ते गेले ते दिवाळीनंतर, दुपारी, झोपेत. त्यांच्या नखात पितळेचा बारीक कीस होता, तो वहिनींनी काढू दिला नाही. चौदाव्या दिवशी मुलगा माझ्याकडे आला. बसला, इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "मॅडम, ते मशीन तुम्ही घेतलं होतं, शाळेत उपयोग होतो का अजून?" मी म्हटलं, होतो. "बरं झालं तुम्ही घेतलंत," तो म्हणाला. "बाबांना वाईट वाटलं असतं भंगारात गेलं तर." मला त्याला सांगावंसं वाटलं. ओठांवर आलं होतं. मग वहिनींचा चेहरा आठवला आणि मी त्याच्या हातावर एक भोवरा ठेवला. त्यानं तो घेतला आणि, तुम्हाला खरं वाटणार नाही, अंगठ्याचं नख त्याच्यावरून फिरवलं. त्याला स्वतःला कळलंही नाही.

आता आमचं बैठं घर बिल्डरला गेलं आहे आणि आम्ही फ्लॅटमध्ये जाणार आहोत, दुसऱ्या मजल्यावर. आमचे हे निवृत्त होऊन कधीचेच घरी आलेत. परवा म्हणाले, "आणि तो लेथ? फ्लॅटमध्ये नाही हं. विकून टाक." मी म्हटलं, विकलाच आहे. गिऱ्हाईक आमच्याच शाळेच्या निवृत्त चित्रकलेच्या बाई आहेत, तीन गल्ल्या पलीकडं राहतात, मागं व्हरांडा आहे. त्या म्हणत होत्या, मी काय करू लेथचं? त्यांना म्हटलं, काही करू नका, घेतला म्हणा. मी रोज संध्याकाळी फिरायला येईन.

काल तो सुटा केला. ठिपके अजून आहेत. एक मध्यमवयीन मेस्त्री आणला होता, हात चांगला होता त्याचा. डोकं सुटताना तोच चप्प आवाज झाला. मेस्त्रीनं ते आडवं केलं आणि खिशातून फडकं काढलं.

"मॅडम, नीचे पुरानी पत्ती चिपकी है. निकाल देतौं."

"नक्को. हात मत लगाओ."

"कचरा है, मॅडम."

"वोच मशीन है," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग आमच्या ह्यांच्याकडं, आणि फडकं खिशात ठेवलं. मी खाली वाकले. भाऊंचं अर्धं पातं तसंच होतं, काळं पडलेलं. सहा वर्षांच्या संध्याकाळी त्याच्यावर उभ्या होत्या, आणि मला भाऊंची फार आठवण आली. अंगठ्याचं नख मी लोखंडावरून हळू नेलं आणि ते पात्याच्या कडेशी थांबलं. विचारायला आता कुणी नव्हतं. तरी मी हळूच सांगितलं, "हौ, भाऊ. अडलं."